तीळ आणि तिळाचे तेल : एका झाडाचे दोन वेगळे पदार्थ

तंजावूर जिल्ह्यातील मराठी भाषक कुटुंबांसाठी व आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

तंजावूरच्या मराठी घरात तीळ वर्षभर येत राहतो. संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, पुरट्टासी महिन्यातील शनिवारी पेरुमाळाच्या नैवेद्यासाठी तिळाचा भात होतो, दिवाळीच्या पहाटे डोक्याला तिळाचे तेल थापले जाते आणि तर्पणाच्या पाण्यात काळे तीळ पडतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावूरला राज्य स्थापिले. त्यानंतर येथे वसलेल्या कुटुंबांनी आपल्या मूळ प्रदेशातील तिळाच्या चालीरीती जपल्या आणि कावेरीकाठच्या रीतीही आपल्याशा केल्या. तिळाविषयीचे समजही त्यांच्याकडे असेच दोन्ही बाजूंनी आले.

संस्कृतात तिळापासून निघते ते तैल. आपला ‘तेल’ हा शब्द त्यातूनच आला आणि पुढे शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, सरकीचे असे सर्वच तेलांचे नाव झाला. तमिळमधील ‘एण्णै’ या शब्दाची घडणही तशीच आहे : ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे तूप किंवा स्निग्ध पदार्थ. तिळाच्या तेलाला येथे आजही ‘नल्लेण्णै’, म्हणजे चांगले तेल, असेच म्हणतात. दोन्ही भाषांनी दाणा आणि तेल एकमेकांशी इतके घट्ट जोडले, की घरोघरी दोघांचे गुणही एकच मानले जातात. तिळात लोह आहे, म्हणून तेल प्यायल्याने रक्त वाढेल. तेल अंगाला चांगले, म्हणून बाळाच्या नाकातही चांगले. तीळ उष्ण, म्हणून गरोदर स्त्रीने तो चाखूही नये. या तिन्ही समजुतींमुळे आरोग्य केंद्रात उशिरा पोहोचणारे रुग्ण येतात. म्हणून दाणा काय देतो, तेल काय देते आणि दोघांकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

शेतातून घरापर्यंत

तीळ हे आपल्या उपखंडातील अत्यंत जुने तेलबियांचे पीक आहे. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र राज्य भाताचे. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते. कुरुवै, सांबा आणि ताळडी हे भाताचे हंगाम त्या पाण्यावर चालतात. पोंगलच्या सुमारास सांब्याची कापणी झाली, की रान मोकळे होते आणि जमिनीत थोडी ओल शिल्लक असते. त्या ओलीवर काही शेतकरी उडीद-मूग घेतात, तर काही फेब्रुवारी-मार्चमध्ये तीळ पेरतात. साधारण ८० ते ९० दिवसांत पीक तयार होते, म्हणजे धरणाचे पाणी पुन्हा येण्यापूर्वी शेत रिकामे होते.

दाणा इतका बारीक, की एकरी दोन किलोंच्या आसपास बियाणे पुरते आणि ते सारखे पडावे म्हणून वाळूत मिसळून फेकतात. पुढे दाट रोपे उपटून विरळणी करावी लागते. ती टाळली तर झाडे नुसती उंच जातात आणि बोंडे कमी धरतात. तिळाला थोडे पाणी पुरते, पण मुळाशी पाणी साचलेले अजिबात सोसत नाही. उन्हाळ्यात अवकाळी पाऊस होऊन शेतात पाणी तुंबले, तर एक-दोन दिवसांत उभे पीक बसते. ज्या शेतकऱ्याने भातासाठी बांधलेल्या बांधात तीळ पेरला आहे, त्याला पाणी निघून जाण्यासाठी चर काढूनच ठेवावे लागतात.

बोंडे पिकली की फुटतात आणि दाणे जमिनीवर सांडतात. म्हणून खालची पाने पिवळी पडून गळू लागताच, बोंडे उकलण्यापूर्वीच झाडे कापून त्यांचा ढीग रचतात, मग उन्हात वाळवून, उलटी धरून झटकतात. अनेक ठिकाणी ही वाळवण डांबरी रस्त्यावर होते. गृहिणीच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट एवढीच, की सुटे आणलेले तीळ कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात माती, खडे व धूळ असते. ते पाण्यात चोळून धुवावेत, कापडावर पसरून कडकडीत वाळवावेत आणि मगच भाजावेत. ओलसर तीळ डब्यात भरल्यास बुरशी धरते. बुरशीचा वास आलेले किंवा गोळा झालेले तीळ निवडून वापरण्याचा मोह टाळावा. ते टाकून द्यावेत. काही बुरश्यांचे विष भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही.

दाण्यात काय असते

सालीसकट १०० ग्रॅम तिळात सुमारे ५५० किलोकॅलरी ऊर्जा, १८ ते २० ग्रॅम प्रथिने आणि ४३ ते ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. कॅल्शियम १,००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही बरेच अधिक, आणि लोह साधारण ९ ते १५ मिलिग्रॅम. वाण, जमीन आणि साल यांप्रमाणे हे आकडे बदलतात. शिवाय मॅग्नेशियम, जस्त, तांबे आणि भरपूर तंतू असतात. कागदावर ही यादी फार श्रीमंत दिसते. पण १०० ग्रॅम तीळ एका दिवसात कोणीही खात नाही. एक मोठा चमचा भरून तीळ म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, आणि तरीही त्यात तीन हजारांच्या आसपास दाणे असतात. तेव्हा घरातला हिशेब दहा ग्रॅमचा धरावा : सुमारे १०० ते १५० मिलिग्रॅम कॅल्शियम, एक ते दीड मिलिग्रॅम लोह, जवळजवळ दोन ग्रॅम प्रथिने आणि ५५ किलोकॅलरी.

यातील कॅल्शियमचा मोठा भाग सालीत असतो आणि तो बऱ्याच अंशी ऑक्झलेटशी बांधलेला असतो. त्यामुळे तो सगळा शरीराला मिळत नाही. साल काढली तर ऑक्झलेट जाते, पण त्याबरोबर कॅल्शियमही जाते : सालीसह जेथे हजार मिलिग्रॅम होते, तेथे साल काढलेल्या १०० ग्रॅम तिळात ते शंभराच्याही आत येते. लोहही निम्म्याहून खाली उतरते. दुकानातील ‘पॉलिश’ केलेले, हस्तिदंती रंगाचे, चकचकीत तीळ बहुधा साल काढलेले असतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सर्वच पांढरे तीळ साल काढलेले नसतात. श्रीविल्लिपुत्तूर येथील संशोधन केंद्राने दिलेला एसव्हीपीआर १ हा वाण मुळातच पांढऱ्या दाण्याचा आहे. सालीचा पांढरा तीळ किंचित मळकट आणि खरखरीत दिसतो. दात आणि हाडे यांच्यासाठी तीळ खायचा असेल तर काळा, तपकिरी अथवा सालीचा पांढरा घ्यावा. चिक्की देखणी दिसावी म्हणून घ्यायचा असेल तर कोणताही चालेल.

तिळाची साल आणि पेशींच्या भिंती चिवट असतात. सबंध दाणे न चावता गिळले गेल्यास त्यांतले बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. म्हणून भाजून, कुटून खाणे हीच उत्तम रीत आहे आणि आपल्या आज्यांनी ती केव्हाच शोधून ठेवली होती. इडलीबरोबरच्या मिळगाय पोडीचे उदाहरण घ्यावे. तीळ हा मेथिओनिन या अमिनो आम्लाने समृद्ध, पण लायसिनमध्ये उणा आहे. उडीद आणि हरभऱ्याची डाळ याच्या नेमकी उलट आहे. पोडीत दोन्ही एकत्र भाजून कुटली जातात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तिळाची चटणी-भाकरी किंवा डाळ-भातावर तिळकूट यांचेही असेच. मात्र पोडीत मीठ किती पडते याकडे लक्ष असावे. रक्तदाब असलेल्यांनी घरी वेगळी, कमी मिठाची पोडी करून ठेवावी.

‘इळैत्तवनुक्कु एळ्ळु, कोळुत्तवनुक्कु कोळ्ळु’ ही तमिळ म्हण येथील प्रत्येक घरात माहीत आहे : कृश माणसाला तीळ, स्थूलाला कुळीथ. आहारशास्त्राच्या दृष्टीने म्हणीचा पहिला भाग अगदी योग्य आहे. तीळ थोडक्यात पुष्कळ ऊर्जा देतो. वजन न वाढणारे मूल, आजारातून उठलेला माणूस, स्तनदा माता यांना रोज एक लहान एळ्ळुरुंडै, म्हणजे तिळाचा लाडू, उपयोगी पडतो. ज्यांना वजन कमी करावयाचे आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी गुळाचा लाडू टाळून भाजलेले तीळ पोडीत किंवा भाजीवर घ्यावेत. पाम गूळ वापरला तर साखर वाढत नाही, असे समजू नये. करुपट्टीही साखरच आहे.

रक्तक्षय आणि तिळाची मर्यादा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. तामिळनाडूत हे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. म्हणजे हे पत्रक वाचणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीला हा प्रश्न लागू आहे. धाप, थकवा, चक्कर, फिकट पडलेल्या पापण्या ही लक्षणे अनेकींना इतकी सवयीची झालेली असतात, की त्या त्यांना आजार मानतच नाहीत.

अशा वेळी घरातून पहिला सल्ला येतो तो काळे तीळ आणि गूळ खाण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि तो आकड्यांतच पाहावा. प्रौढ स्त्रीला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. एवढे लोह केवळ तिळातून मिळवायचे तर दोनशे ते तीनशे ग्रॅम तीळ, म्हणजे अकराशे ते साडेसोळाशे किलोकॅलरी, रोज पोटात जावे लागतील. शिवाय तिळातील फायटेटमुळे या लोहाचा थोडाच भाग रक्तात उतरतो. गुळातील लोहाचे प्रमाणही फार अनिश्चित असते. म्हणजेच तीळ हा रक्तक्षय होऊ नये म्हणून खावयाच्या चांगल्या अन्नांपैकी एक आहे. झालेल्या रक्तक्षयावरील उपचार नव्हे.

उपचार म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. किशोरवयीन मुलामुलींना शाळेत अथवा अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. या गोळ्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, क्वचित मळमळ किंवा बद्धकोष्ठ होते. रंग काळा होणे निरुपद्रवी आहे. त्रास झाला तर गोळी बंद करून तिळाकडे वळू नये. जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेऊन पाहावी आणि तरीही त्रास राहिल्यास परिचारिकेला सांगावे. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

आणि कॉफी. ज्या जिल्ह्यात कुंभकोणम आहे, तेथे हे सांगणे थोडे धाडसाचे आहे, तरी सांगितलेच पाहिजे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेली कॉफी आणि चहा अन्नातील लोहाला अडवतात. कॉफी सोडण्याची गरज नाही. जेवण आणि लोहाची गोळी यांपासून ती तासाभराने दूर न्यावी. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. तिळाच्या भाताबरोबर आवळ्याचे पच्चडी असेल तर त्या भातातील लोहाचे मोल वाढते.

वयात येणारी मुलगी, पाळी आणि गरोदरपण

मुलगी वयात आली की तिला उळुंदंकळी, म्हणजे उडदाचे गोड पिठले, तिळाच्या तेलाबरोबर देण्याची येथे प्रथा आहे. काही घरांत कच्चे अंडे आणि त्यावर वाटीभर तेल प्यायला लावतात. उडीद आणि करुपट्टीचे कळी उत्तम आहे. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, ते उकडून द्यावे. तेलाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे : तिळाच्या तेलात लोह नाही, कॅल्शियम नाही, प्रथिने नाहीत. घाण्यात ही सर्व पेंडीबरोबर मागे राहतात आणि जनावरांच्या वाट्याला जातात. तेल प्यायल्याने मुलीचे रक्त वाढत नाही. चमचाभर तेल कळीत घातले तर चव आणि ऊर्जा मिळते. वाटीभर तेलाने जुलाब आणि मळमळ मिळते.

दुसरी समजूत उष्णतेची. तीळ खाल्ल्याने गर्भ पडतो, असे मराठी घरांत आणि तमिळ घरांत सारख्याच खात्रीने सांगितले जाते. आहारात येतो तेवढ्या तिळाने, म्हणजे पोडी, चटणी, एखादा लाडू एवढ्याने, गर्भपात होतो असे दिसून आलेले नाही. गरोदर स्त्रीला कॅल्शियम आणि ऊर्जा हवी असताना तिच्या ताटातून तीळ, पपई, अंडी असे एकेक पदार्थ काढत गेल्यास अखेरीस भात आणि रसम एवढेच उरते. ते नुकसान खरे असते. औषध म्हणून तिळाचे काढे, चूर्ण किंवा अर्क मोठ्या प्रमाणात घेणे मात्र गरोदरपणात टाळावे.

याच समजुतीची उलटी बाजू अधिक गंभीर आहे. पाळी चुकली की काळे तीळ आणि करुपट्टी मुठी-मुठीने खाऊन ‘पाळी आणण्याचा’ प्रयत्न केला जातो. पाळी चुकण्याची कारणे अनेक असतात. पहिली शक्यता गर्भधारणेची. तिळाने गर्भधारणा थांबत नाही, फक्त आठवडे निघून जातात, आणि हे आठवडे मोलाचे असतात. पाळी चुकल्यावर आठवडाभरात मूत्रतपासणी करून घ्यावी. उपकेंद्रात ती विनामूल्य होते. मूल हवे असेल तर नोंदणी लवकर होते. नको असेल तर वैद्यकीय गर्भपात कायद्याने सुरक्षित मार्ग दिला आहे : २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि कायद्यात नमूद केलेल्या विशेष परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. माहिती गोपनीय ठेवली जाते. जितक्या लवकर यावे, तितके ते सोपे असते.

तेल : ताटातले, बाटलीतले आणि दिव्यातले

तिळाचे तेल हे चांगले खाद्यतेल आहे. त्यात ओलेइक आणि लिनोलेइक आम्ले जवळजवळ समसमान, मिळून ८० टक्क्यांच्या आसपास, आणि संतृप्त मेद सुमारे १५ टक्के असतो. सेसामिन आणि सेसामोलिन ही त्यातील खास द्रव्ये. तेल तापले की सेसामोलिनपासून सेसामॉल बनते आणि त्यामुळे हे तेल इतर अनेक तेलांपेक्षा उशिरा खवट होते. लोणची नल्लेण्णैत घालण्याचे शहाणपण यातच आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे बाटलीवर लिहिलेले वाचून हुरळून जाऊ नये. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच.

मात्र ते तेल आहे, आणि प्रत्येक तेलाप्रमाणे त्याच्या १०० ग्रॅममध्ये ९०० किलोकॅलरी असतात. बैठे काम करणाऱ्या माणसाला सर्व प्रकारचे तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे पाच चहाचे चमचे पुरेत. म्हणजे माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर ते लाकडी घाण्याचे आहे या समाधानाने हृदयाचे भागत नाही.

घाण्याच्या तेलाविषयी अलीकडे फार विचारले जाते. लाकडी घाण्यात, येथील भाषेत मरच्चेक्कुत, तीळ गाळताना तेल सुटावे म्हणून थोडी करुपट्टी घालतात; त्यातून त्या तेलाला मंद गोडवा येतो. अशा तेलात मूळ वास आणि सेसामिनसारखी द्रव्ये टिकतात, हे खरे. एक लिटर तेलासाठी साधारण अडीच किलो तीळ लागतात. हा एक आकडा लक्षात ठेवावा. बाजारात तिळाचा भाव काय आहे हे पाहून, पेंडीची किंमत वजा करून, कोणीही अंदाज बांधू शकतो. ज्या ‘शुद्ध’ तेलाची किंमत त्यातल्या तिळाच्या किमतीपेक्षाही पुष्कळ कमी आहे, त्यात तिळाशिवाय काहीतरी आहे. बाटलीवर १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि घटकांची यादी पाहावी. ‘मिश्र खाद्यतेल’ असे बारीक अक्षरांत असेल तर ते गुन्हा नाही, पण ते तिळाचे तेलही नाही.

फ्रिजमध्ये ठेवून किंवा तळहातावर चोळून शुद्धता ओळखण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांवर विसंबू नये. तिळाच्या तेलाची एक खरी रासायनिक खूण आहे : हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर ते गुलाबी-लाल रंग देते. तुपातील भेसळ उघडी पडावी म्हणून भारतात वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे बंधन घातले गेले, ते याच खुणेमुळे. पण ही खूण तीळ आहे एवढेच सांगते, केवळ तीळच आहे असे नव्हे. आणि ती आम्ले स्वयंपाकघरात आणण्याची नाहीत. शंका असल्यास बाटली न फोडता अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी.

सर्वात मोठा धोका भेसळीपेक्षा सरमिसळीचा आहे. पूजासाहित्याच्या दुकानात ‘दीपम्’ तेल मिळते. शनिवारच्या दिव्यासाठी, तिरुनळ्ळारच्या यात्रेसाठी ते घरोघरी आणले जाते. बाटलीचा आकार, रंग, कधी कधी वरचे चित्रही खाण्याच्या तेलासारखे असते. ते खाण्यासाठी नाही, असे त्यावर लिहिलेले असते. पण अक्षर बारीक आणि आजीचा चष्मा देवघरात. हे तेल कशाकशाचे मिश्रण असते आणि किती शुद्ध असते, याला खाद्यतेलाचे नियम लागू नाहीत. ते स्वयंपाकात, अंगाला किंवा बाळाला वापरू नये. ते देवघरातच ठेवावे, स्वयंपाकघराच्या फडताळात नाही, आणि दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये.

बाळाचे अभ्यंग

बाळाला हलक्या हाताने तेल लावण्यास आरोग्य विभागाचा विरोध नाही. स्पर्शाने बाळ शांत होते, आईचाही बाळाशी सहवास वाढतो. बाळ पूर्ण दिवसांचे, धडधाकट असावे, त्वचेवर पुरळ किंवा जखम नसावी, खोली उबदार असावी, एवढ्या अटी पुरेत. जन्मानंतर पहिली आंघोळ किमान २४ तासांनी घालावी. कमी वजनाच्या अथवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला केव्हा आंघोळ घालावयाची, हे परिचारिकेला विचारूनच ठरवावे.

विरोध आहे तो तेल शरीराच्या आत घालण्यास. आंघोळीच्या वेळी बाळाला पायांवर आडवे घेऊन नाकपुड्यांत तेलाचे थेंब सोडणे, कानांत तेल भरणे, घशात बोट घालून ‘कफ काढणे’, नाकात फुंकणे या गोष्टी अजूनही होतात, आणि त्या करणाऱ्या हातांत प्रेमाखेरीज काही नसते. परंतु तेलाचा स्वभाव समजून घ्यावा. पाणी किंवा दूध श्वासनलिकेकडे गेले तर बाळाला ठसका लागतो आणि ते बाहेर येते. तेल सौम्य असल्यामुळे ठसका लागतही नाही. ते निमूटपणे फुप्फुसात उतरते. तेथे ते विरघळत नाही, शोषले जात नाही. श्वासकोशांत साचून दाह निर्माण करते. याला तेलामुळे होणारा न्यूमोनिया म्हणतात. तो जंतूंमुळे झालेला नसतो, त्यामुळे प्रतिजैविकांनी बरा होत नाही, आणि रोज थोडे थोडे तेल जात राहिले तर बाळ आठवडेच्या आठवडे खोकत, धापत राहते. तेल शुद्ध आहे, घाण्याचे आहे, कोमट केले आहे, याने यात काहीही फरक पडत नाही.

बालरुग्ण विभागात काम केलेल्या परिचारिकांना एक दृश्य ओळखीचे असते. “नाकात तेल घालता का?” असे विचारले, की आई आधी आजीकडे पाहते आणि मग उत्तर देते. उत्तर काहीही असो, ते डॉक्टरांना खरे सांगावे. कोणी रागावण्यासाठी विचारत नसते. त्या एका उत्तरावर उपचाराची दिशा ठरते. ज्या शहरात दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाला एकत्र बसविले, तेथे आजीच्या मालिशीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एका घरात नांदण्यास अडचण नसावी.

नाक चोंदले असेल तर आरोग्य केंद्रातून मिठाच्या पाण्याचे थेंब मागून घ्यावेत. कानातला मळ आपोआप बाहेर येतो. बाहेरून दिसेल तेवढाच मऊ कापडाने पुसावा. मोठ्यांनी तोंडात तेल धरून गुळण्या करण्याची जी रीत आहे, ती मुलांना, फार वृद्धांना आणि गिळताना त्रास होणाऱ्यांना करू देऊ नये, कारण तेच : तेल श्वासात जाते.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरच्या अन्नात भाजून बारीक कुटलेला तीळ चिमूटभर घालून पाहता येतो. पहिल्यांदा देताना दिवसा द्यावा, त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ देऊ नये. काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचा ॲलर्जीकारक म्हणून स्पष्ट उल्लेख करणे सक्तीचे आहे, इतकी ती तेथे आढळते. ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, लागोपाठ उलट्या, घरघर यांपैकी काही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि पुन्हा तीळ देऊ नये. चिक्की आणि कडक लाडू चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. ते घशात अडकतात.

तेल नाकात गेले असो वा नसो, पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत : दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध ओढणे बंद होणे, ओठ निळसर होणे, बाळ सुस्त पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. १०४ वर आरोग्यविषयक सल्ला मिळतो. रुग्णालयात जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळाला लावलेल्या तेलाची बाटली बरोबर न्यावी.